प्रार्थनेची शेवटची ओळ कुठून आली?

वसईतल्या एखाद्या कॅथलिक घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलं आणि मग कधी नगरच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेलं, तर एक फरक लगेच कानावर येतो. प्रार्थना तीच, येशूने शिष्यांना शिकवलेली. देवाला पिता म्हणून हाक, रोजच्या भाकरीची मागणी, अपराधांची क्षमा, वाइटापासून सुटका. इथे वसईकर ‘आमेन’ म्हणून थांबतो. नगरकर थांबत नाही. राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही कायमची देवाचीच आहेत, अशा अर्थाची आणखी एक ओळ तो म्हणतो आणि मगच ‘आमेन’ म्हणतो.

दोघांचाही आधार मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. मग ही ओळ एकाने गाळली, की दुसऱ्याने घातली?

नवा करार चाळताना असाच आणखी एक प्रश्न पडतो. योहानच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अनेक नव्या भाषांतरांत तिसऱ्या वचनानंतर एकदम पाचवं वचन येतं. चौथं कंसात तरी असतं किंवा तळटीपेत तरी. छापखान्याची चूक म्हणावी, तर जगातल्या इतक्या भाषांच्या बायबलांत नेमकी हीच जागा कशी चुकेल?

दोन्ही प्रश्न एकाच शास्त्रातले आहेत. त्याला पाठचिकित्सा म्हणतात. हाताने उतरवलेल्या, एकमेकींशी पूर्ण न जुळणाऱ्या प्रतींवरून जास्तीत जास्त जुना पाठ शोधून काढायचा, हे त्याचं काम. धर्मग्रंथाविषयी बोलताना आपण श्रद्धा किंवा अश्रद्धा एवढ्या दोनच बाजू धरून बसतो. या शास्त्रात आयुष्य घालवलेली बहुतेक माणसं श्रद्धावान होती, आणि श्रद्धेपोटीच त्यांनी एकेका अक्षराची झडती घेतली. त्यांची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे.

मूळ प्रत नाहीच

नव्या कराराची सत्तावीस पुस्तकं ग्रीक भाषेत लिहिली गेली, बहुतेक सगळी इसवी सनाच्या पहिल्या शतकात. त्यांतल्या एकाचीही मूळ प्रत आज नाही. ती पपायरसवर लिहिलेली होती. नाईलच्या काठी उगवणाऱ्या वनस्पतीच्या गाभ्याचे पातळ पट्टे आडवे-उभे दाबून हा कागद करत. दमट हवेत तो कुजून जातो. टिकला तो इजिप्तच्या कोरड्या वाळूत.

अशाच वाळूने राखलेला एक तुकडा इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. उंची सुमारे ९ सेंटीमीटर, रुंदी ६. तळहातावर मावेल एवढाच. एका बाजूला योहानच्या अठराव्या अध्यायातल्या काही ओळींचे तुकडे, रोमन सुभेदार पिलात येशूची चौकशी करतो त्या प्रसंगाचे. उलटून पाहिलं, तर मागेही त्याच प्रसंगाचा पुढचा भाग. मजकूर दोन्ही बाजूंना असल्यामुळे हे पान गुंडाळीचं नसून बांधलेल्या पुस्तकाचं आहे, हे एवढ्याशा तुकड्यावरूनही कळतं. सी. एच. रॉबर्ट्स यांनी तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. अक्षरांच्या वळणावरून बहुतेक जाणकार तो दुसऱ्या शतकातला मानतात.

तुकडे सोडले, तर संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत चौथ्या शतकातली आहे. सगळ्या ग्रीक हस्तलिखितांची मोजदाद केली, तर संख्या पाच हजारांच्या वर जाते. बहुतेक नवव्या शतकानंतरची. त्यांच्यातले पाठभेद काही लाख आहेत.

आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण त्यातला फार मोठा भाग निव्वळ स्पेलिंगचा आणि शब्दांच्या मागेपुढे होण्याचा आहे. आणि पाठभेद इतके दिसतात, कारण ताडून पाहायला प्रती इतक्या आहेत. एकच प्रत उरली असती, तर पाठभेद शून्य असते, आणि तिच्यात काय चुकलंय हे कळायचा मार्गही शून्य.

हात कुठे चुकतो

नक्कल करणाऱ्या माणसाला आपण लेखनिक म्हणू. तो मूळ पोथीकडे पाहतो, चार-सहा शब्द मनात धरतो, आपल्या पानाकडे वळतो, लिहितो आणि परत मूळ पोथीकडे नजर नेतो. नजर परतते त्या क्षणी चूक होते. समोरचा मजकूर सलग असतो, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. मोडी कागद वाचलेल्यांना हा त्रास कुणी समजावून सांगायला नको.

समजा, जवळपासच्या दोन ओळींत तेच शब्द आले आहेत. लेखनिकाने पहिल्या जागेपर्यंत लिहिलं आणि नजर चुकून दुसऱ्या जागेवर पडली. मधला मजकूर गळाला. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या चौथ्या शतकातल्या अतिशय मोलाच्या प्रतीत योहानच्या सतराव्या अध्यायात हे घडलं आहे. येशू शिष्यांसाठी देवाला विनवतो, की त्यांना जगातून काढून घेऊ नकोस, पण दुष्टापासून राख. मधली ओळ सुटल्यामुळे त्या पानावर विनवणी अशी उरली, की त्यांना दुष्टापासून काढून घेऊ नकोस. अर्थ नेमका उलटा झाला.

लंडनमध्ये चौदाव्या शतकातली एक प्रत आहे. तिच्यात लूकने दिलेली येशूची वंशावळ उतरवताना लेखनिकासमोरच्या पानावर नावं दोन स्तंभांत होती. एक स्तंभ खालपर्यंत उतरवून मग दुसरा घ्यायचा, तर याने आडव्या ओळीने दोन्ही स्तंभ एकत्र वाचत नेले. त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाचा बाप बदलला. वंशावळीच्या शेवटी आदामाचा पिता म्हणून देवाचं नाव यायला हवं, ते मध्येच आलं आणि मानववंशाच्या मुळाशी त्याच यादीतला पेरेस जाऊन बसला. या माणसाने एकही अक्षर बदलायचं मनात आणलं नव्हतं. थकलेला हात चालत राहिला, एवढंच.

कानाच्या चुका निराळ्या. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या शब्दांचा उच्चार कालांतराने सारखा झाला. म्हणून योहानच्या पहिल्या पत्रात आनंद पूर्ण व्हावा म्हटलंय तो लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्यांचा, याबद्दल प्रतींचं एकमत नाही.

हेतुपुरस्सर बदल मात्र जास्त विचार करायला लावतात. योहानचा पाचवा अध्याय घ्या. यरुशलेमेतल्या एका तळ्याकाठी आजारी माणसं पडून आहेत. सातव्या वचनात एक जण म्हणतो, की पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात उतरवायला कुणी नसतं. पाणी का हलतं, ते योहानने सांगितलेलंच नाही. कुणीतरी जाणत्या वाचकाने समासात खुलासा लिहिला असणार: देवदूत उतरून पाणी ढवळतो आणि त्यानंतर जो पहिला उतरेल, तो बरा होतो. ही समजूत जुनीच होती, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकालाही ती ठाऊक होती. पुढच्या लेखनिकाला समासातली टीप दिसली. मूळ मजकुरातून सुटलेली ओळ नंतर समासात लिहिण्याचीही पद्धत होती. ही त्यातलीच असेल, असं समजून त्याने ती आत घेतली. काही प्रतींत या वचनाशेजारी संशयाच्या खुणा आजही दिसतात. सर्वांत जुन्या प्रतींत ते नाहीच.

मग आकडा का उरला? बायबलचे अध्याय तेराव्या शतकात पडले, पण नव्या करारातल्या वचनांना आकडे दिले पॅरिसच्या रोबेर एत्येन या मुद्रकाने, १५५१ मध्ये. त्याच्या छापील पाठात देवदूताची ओळ होती, तिला ४ हा आकडा मिळाला. पुढे जुन्या प्रती सापडल्या, ओळ तळटीपेत गेली. पण सगळ्या जगाने पाठ केलेले पुढचे आकडे कोण बदलणार?

[चौकट] पोथीघरातले शब्द
कोडेक्स: पानं शिवून बांधलेलं पुस्तक. ख्रिस्ती मंडळींनी गुंडाळी सोडून ते फार लवकर स्वीकारलं.
चर्मपत्र: कातडं कमावून केलेलं पान. पपायरसपेक्षा टिकाऊ आणि महाग.
पॅलिम्प्सेस्ट: जुना मजकूर खरवडून वर नवा लिहिलेलं चर्मपत्र.
वल्गेट: चौथ्या शतकाच्या अखेरीला जेरोमने सुरू केलेलं लॅटिन बायबल, पश्चिम युरोपच्या चर्चचा हजार वर्षांचा आधार.
प्रक्षिप्त: मागाहून आत शिरलेला मजकूर.

चूक कामाला येते

प्रती इतक्या आणि चुकाही इतक्या, मग खरं काय ते ठरवायचं कसं? सरळ मत मोजावं, ज्या पाठाच्या बाजूने जास्त प्रती तो खरा, असं वाटणं साहजिक आहे. पण एका चुकलेल्या प्रतीवरून शंभर नकला झाल्या, तर शंभर साक्षीदार एकच चूक सांगतील. त्यांचं मत एकच धरलं पाहिजे. म्हणून आधी कोणती प्रत कुणाची लेक, कुणाची बहीण, ते पाहावं लागतं.

शाळेत गणिताच्या वह्या तपासणाऱ्या बाई हे रोज करतात. दोन मुलांची उत्तरं बरोबर आणि सारखी आली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण सातव्या उदाहरणात दोघांनीही सत्तावीसऐवजी बाहत्तर लिहिलं असेल, आणि नवव्यात दोघांचीही तीच पायरी सुटली असेल, तर वह्या एकमेकींवरून उतरल्या आहेत हे बाईंना कळतं. नातं ठरतं ते सामाईक चुकांवरून.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विल्यम ह्यू फेरर यांनी १८६८ मध्ये हेच केलं. पॅरिस, लेस्टर, व्हिएन्ना आणि मिलान अशा चार शहरांत विखुरलेल्या चार ग्रीक प्रती त्यांनी शेजारी मांडल्या. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट, जिच्यात येशू निष्पाप माणसाने पहिला दगड मारावा असं सुचवतो, ती एरवी योहानच्या शुभवर्तमानात येते. या चारही प्रतींत ती लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. असं चार ठिकाणी चार जणांना स्वतंत्रपणे सुचणं शक्य नाही. चारही कुठल्या तरी एकाच हरवलेल्या पोथीच्या वंशातल्या. फेरर १८७१ मध्येच वारले, त्यांचं काम सहकाऱ्याने १८७७ मध्ये प्रसिद्ध केलं.

अशी घराणी ओळखली, की पाच हजार साक्षीदारांची गर्दी थोड्या गटांत बसते. मग प्रत्येक गटातला सर्वांत जुना आवाज ऐकायचा.

इरॅस्मसची घाई

हे सगळं कळण्याच्या आधीच छापखाना आला. स्पेनमध्ये आल्काला इथे ग्रीक नवा करार १५१४ मध्येच छापून तयार होता, पण तो वितरित व्हायला वेळ लागला. बाझेलचा मुद्रक योहान फ्रोबेन याला पहिलं यायचं होतं. त्याने रॉटरडॅमच्या इरॅस्मस या विद्वानाला गाठलं. इरॅस्मसने बाझेलमध्ये हाताशी आल्या तेवढ्या थोड्या प्रती घेतल्या, त्यांतल्या बहुतेक बाराव्या शतकाच्या आसपासच्या, आणि १५१६ मध्ये पुस्तक बाहेर काढलं.

प्रकटीकरणाच्या पुस्तकासाठी त्याच्याकडे उसनी आणलेली एकच प्रत होती. तिचं शेवटचं पान गहाळ. शेवटच्या वचनांसाठी त्याने लॅटिन बायबल पुढे घेतलं आणि लॅटिनवरून ग्रीक स्वतः रचलं. त्या हरवलेल्या पानावरच या ग्रंथात भर घालू नये किंवा यातून काही काढू नये, असा इशारा आहे. लॅटिन नकलांत तिथे ‘जीवनाचं झाड’ याऐवजी ‘जीवनाचं पुस्तक’ असा शब्द शिरला होता. लॅटिनमध्ये ते दोन शब्द दिसायला जवळचे. तो शब्द इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये आला आणि तिथून शतकानुशतकं छापला गेला.

तरीही इरॅस्मसची बाजू मला मोठी वाटते. योहानच्या पहिल्या पत्रात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तीन साक्षीदार सांगणारी ओळ लॅटिन बायबलात होती, पण त्याला एकाही ग्रीक प्रतीत सापडेना. त्रैक्याच्या सिद्धान्ताला इतका उघड आधार देणारी ओळ! पहिल्या दोन आवृत्त्यांत त्याने ती घातली नाही आणि त्यापायी पाखंडाचे आरोप सोसले. मग एक ग्रीक प्रत पुढे आली, ती आज डब्लिनमध्ये आहे. तीत ओळ होती. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ती घेतली आणि प्रत याच कामासाठी तयार केली असावी, हा संशयही बोलून दाखवला. एक जरी ग्रीक प्रत दाखवलीत तर ओळ छापीन, असं त्याने वचन दिलं होतं, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण तिला त्याच्या लिखाणात आधार मिळत नाही.

इरॅस्मसचा पाठ थोड्याफार फरकाने छापला जात राहिला. लायडनच्या एल्झेव्हिर मुद्रकांनी १६३३ मध्ये आपल्या आवृत्तीची जाहिरात सर्वांनी स्वीकारलेला पाठ अशा शब्दांत केली. विक्रीसाठी लिहिलेल्या त्या शब्दांचं नाव झालं, नावाला पावित्र्य आलं, आणि त्याला हात लावणं म्हणजे देवाच्या वचनाला हात लावणं ठरलं.

एका अक्षरातली रेघ

ऑक्सफर्डच्या जॉन मिल यांनी तीस वर्षं खपून सुमारे शंभर हस्तलिखितं आणि जुनी भाषांतरं ताडून पाहिली आणि १७०७ मध्ये तळटीपांत सुमारे ३०,००० पाठभेद छापले. पुस्तक आलं आणि दोन आठवड्यांत ते वारले. मागे वादळ उठलं. काहींना वाटलं मिलने धर्माचा पाया खणला, काहींना धर्माविरुद्ध आयतं हत्यार मिळालं.

जर्मनीत ट्यूबिंगनला शिकणारा योहान आल्ब्रेख्त बेंगेल हा भाविक तरुण या आकड्याने अस्वस्थ झाला. त्याने पळ काढला नाही, उलट आयुष्यभर तेच काम केलं. त्याची आवृत्ती १७३४ मध्ये आली. त्याने घालून दिलेला नियम आजही चालतो. दोन पाठांपैकी जो वाचायला अवघड, तो बहुधा जुना. लेखनिक अवघड वाक्य सोपं करतो, सोपं वाक्य मुद्दाम अवघड करत नाही. तळ्याचं पाणी का हलतं हे न सांगणारा योहान अवघड, सांगणारा सोपा.

बाझेलचा योहान याकोब वेटश्टाइन याची गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात एके ठिकाणी ‘देव’ देहात प्रकट झाला असं छापील पाठात होतं. जुन्या प्रतींत ‘देव’ हा शब्द दोनच अक्षरांत, वर आडवी रेघ देऊन, संक्षेपाने लिहीत. त्यातल्या पहिल्या अक्षराच्या, गोल थीटाच्या पोटातली रेघ काढली आणि वरची रेघ पुसली, की उरतो तो ‘जो’. लंडनमध्ये आलेक्झांड्रियाची पाचव्या शतकातली मोठी प्रत होती, १६२७ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सला भेट आलेली. वेटश्टाइनने ते चर्मपत्र उजेडात नीट पाहिलं. वरची रेघ वेगळ्या शाईची, मागाहून ओढलेली. आणि पोटातली रेघ त्या अक्षराची नव्हतीच. पानाच्या मागच्या बाजूच्या अक्षराची शाई तिथे उमटली होती. मुळात ‘जो’ असंच लिहिलेलं होतं.

या निष्कर्षाची किंमत त्याने मोजली. बाझेलमध्ये त्याच्या श्रद्धेची चौकशी झाली आणि १७३० मध्ये त्याला धर्मोपदेशकाच्या पदावरून काढण्यात आलं. तो अॅमस्टरडॅमला गेला आणि १७५१-५२ मध्ये आपली आवृत्ती काढली. मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या प्रतींना रोमन अक्षरं आणि लहान अक्षरांतल्या प्रतींना आकडे देण्याची त्याची पद्धत अभ्यासक आजही वापरतात.

सिनाईच्या पायथ्याशी

सिनाई पर्वताखाली सहाव्या शतकापासून उभा असलेला सेंट कॅथरीनचा मठ आहे. कोरडी हवा, जाड तटबंदी, आणि हजारो पोथ्या. जर्मन अभ्यासक कॉन्स्टान्टिन टिशेनडॉर्फ १८४४ मध्ये तिथे गेले आणि एका फार जुन्या ग्रीक बायबलची ४३ पानं घेऊन आले. जाळायला काढलेल्या टोपलीत ती मिळाली, असं त्यांनी लिहिलं. मठाला ते कधीच मान्य झालं नाही. १८५९ मध्ये उरलेला ग्रंथ त्यांच्या दृष्टीस पडला. प्रत्येक पानावर चार सुबक स्तंभ, चौथ्या शतकातलं अक्षर, आणि संपूर्ण नवा करार. ग्रंथ रशियाच्या झारकडे गेला, आणि १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने तो १,००,००० पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. उसना नेलेला ग्रंथ परत आला नाही, ही मठाची तक्रार रास्त आहे, असं मला वाटतं. १९७५ मध्ये मठाच्या भिंतीच्या दुरुस्तीत एक बंद खोली निघाली आणि तिच्यात याच ग्रंथाची आणखी काही पानं मिळाली.

त्याच मठात १८९२ मध्ये अॅग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गरेट गिब्सन या जुळ्या स्कॉटिश बहिणी गेल्या. अॅग्नेस सिरियाक भाषा शिकून आल्या होत्या. त्यांना स्त्री-संतांच्या चरित्रांची एक पोथी दाखवली गेली. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी चहाच्या किटलीच्या वाफेवर ती सोडवली. चरित्रांच्या खाली खरवडलेला जुना मजकूर फिकट दिसत होता. त्यांनी पानापानाचे फोटो घेतले. केंब्रिजला तपासल्यावर कळलं, की खालचा मजकूर शुभवर्तमानांचं सिरियाकमधलं अतिशय जुनं भाषांतर आहे. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी बायकांना पदवीही देत नव्हतं. ती १९४८ मध्ये सुरू झाली.

या पोथीत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपतं. स्त्रिया रिकामी कबर पाहून घाबरून निघून जातात, कुणाला काही सांगत नाहीत, संपलं. सिनाईच्या ग्रीक ग्रंथातही तसंच. व्हॅटिकन प्रतीत तसंच, फक्त तिथे पुढे एक स्तंभ कोरा सोडला आहे. अशी मोकळी जागा सोडणं त्या लेखनिकाच्या रीतीत बसत नाही. पुढेही काही म्हटलं जातं हे त्याला ठाऊक असावं, पण समोरच्या पोथीत ते नव्हतं.

आता ती शेवटची ओळ

मत्तयकडे परत जाऊ. सिनाईच्या ग्रंथात आणि व्हॅटिकन प्रतीत प्रार्थना वाइटापासून सुटकेशी थांबते. लूकने हीच प्रार्थना दिली आहे, तिथेही स्तुतीची ओळ नाही. तर्तुल्यन, ओरिजेन आणि सिप्रियन या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या तिघांनी या प्रार्थनेवर एकेका मागणीचा अर्थ सांगत विस्ताराने लिहिलं, आणि तिघेही या ओळीच्या अलीकडे थांबतात.

ओळ आली कुठून? ‘दिदाखे’ नावाची एक फार जुनी ख्रिस्ती आचारपुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात सापडली. तीत प्रार्थनेच्या शेवटी स्तुती आहे, पण फक्त सामर्थ्य आणि गौरव, राज्य नाही. एका जुन्या सिरियाक प्रतीत राज्य आणि गौरव आहे, सामर्थ्य नाही. म्हणजे लोक प्रार्थनेचा शेवट स्तुतीने करत होते, पण शब्द अजून पक्के झाले नव्हते. ही ज्यू प्रार्थनेची जुनी रीत. जुन्या करारात, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, दावीद राजाच्या तोंडी अशीच स्तुती आहे. रोज म्हणून जिभेवर बसलेले शब्द मत्तय उतरवताना लेखनिकाच्या हातून आपसूक उतरले. उलट, ओळ मुळात होती आणि कुणी गाळली असं धरलं, तर देवाची स्तुती कुणी का गाळावी, याचं उत्तर देता येत नाही.

पुढचं भूगोलाने घडवलं. कॉन्स्टँटिनोपलच्या परिसरातल्या नंतरच्या ग्रीक प्रतींत ओळ स्थिर झाली. जेरोमचं लॅटिन बायबल त्याआधीच्या प्रतींवर बेतलेलं, म्हणून पश्चिमेला ती आली नाही. पोर्तुगीज वसईला सोळाव्या शतकात आले ते लॅटिन चर्चची प्रार्थना घेऊन. प्रॉटेस्टंट सुधारकांनी लॅटिन बाजूला ठेवून इरॅस्मसच्या छापील ग्रीकवरून भाषांतरं केली. ते ग्रीक नंतरच्या प्रतींचं, म्हणजे ओळीसकट. नगरला १८३१ मध्ये आलेलं अमेरिकन मिशन त्या परंपरेचं. मूळ भाषेकडे जायचा आग्रह धरणाऱ्यांकडे मागाहून आलेली ओळ राहिली आणि भाषांतरावर भागवणाऱ्यांकडे जुना पाठ, हे घडलं खरं. यात कुणाची लबाडी नाही. १९७० पासून कॅथलिक मिस्सेतही ही ओळ म्हटली जाते, फक्त प्रार्थनेला जोडून नाही, मध्ये धर्मगुरूची विनंती झाल्यावर.

पैठण आणि पुणे

मराठी माणसाला हे काम परकं वाटायचं कारण नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावून ठेवलं. व्हॅटिकन प्रतीच्या समासातही एक फटकार आहे. इब्री लोकांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात कुणीतरी शब्द बदलला होता. नंतरच्या एका लेखनिकाने जुना शब्द परत घातला आणि बदलणाऱ्याला मूर्ख व दुष्ट म्हणून जुनं तसंच राहू दे असं सुनावलं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पूर्ण झाली. १९२५ पासून ती सांभाळणारे विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेले. प्रतींची घराणी लावण्याची युरोपातली शिस्त त्यांनी इथे आणली आणि महाभारताच्या स्वभावानुसार वाकवली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, हा सर्वांना प्रिय प्रसंग त्या आवृत्तीत मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. त्यामुळे गणपतीवरची कुणाची भक्ती उणावली नाही. व्यासांच्या तोंडचं महाभारत हाती देतो, असा दावा सुखटणकरांनी केला नाही. प्रतींवरून जिथवर मागे जाता येतं तिथवरचा पाठ, एवढंच ते म्हणाले.

नव्या कराराचे अभ्यासकही आता तशीच भाषा वापरतात. जर्मनीतल्या म्युन्स्टर इथे कुर्ट आलांड यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत हस्तलिखितांचा हिशेब ठेवला जातो, आणि प्रतींची नाती लावायला आता संगणक आहे. सिनाईच्या मठात निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो घेऊन खरवडलेली अक्षरं पुन्हा वाचली जात आहेत. प्रश्न सगळे सुटलेले नाहीत. मार्कने आठव्या वचनाशीच हात थांबवला, की त्याचं शेवटचं पान हरवलं, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. आणि २०१२ मध्ये ग्रीक नव्या कराराची अठ्ठाविसावी नेस्ले-आलांड आवृत्ती आली, तेव्हा यहूदाच्या छोट्याशा पत्राच्या पाचव्या वचनात मिसर देशातून लोकांना सोडवणाऱ्याच्या जागी ‘प्रभू’ हा शब्द जाऊन ‘येशू’ आला. आधीच्या आवृत्तीत तो तळटीपेत होता.